दोर वळणाऱ्याचा मुलगा आणि स्वावलंबनाची भाषा

गेल्या वर्षी एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ वक्त्यांनी खंत व्यक्त केली. आजच्या तरुणांच्या हातात कसब राहिले नाही, असे त्यांचे म्हणणे. पूर्वी गावात प्रत्येकाच्या हाताला काही ना काही येत होते, बापाचे कसब मुलगा उचलत होता, गाव स्वयंपूर्ण होते. शिक्षणाने ही साखळी तोडली आणि पिढी परावलंबी झाली. टाळ्या पडल्या. सवयीने मीही वाजवल्या असतील. चहाच्या वेळी माझ्या लक्षात आले की ज्या साखळीच्या तुटण्याचे हे दुःख चालले होते ती माझ्या बापाच्या पायात होती, आणि ती त्याने समजून-उमजून तोडली होती.

माझा बाप मराठवाड्यातल्या एका खेड्यातला मांग. दोर वळणारा. मी त्याचा पदवी घेतलेला पहिला मुलगा. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही आणि माझ्या नंतर दोर वळणारे कोणी नाही. ह्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिलीचा मला अभिमान आहे. दुसरीबद्दल काय वाटते ते मला अनेक वर्षे नीट सांगता आले नाही, कारण ते सांगायची भाषा मला माझ्या साहित्यातही मिळाली नाही. त्या वक्त्यांना उत्तर देण्यात मला फारसा रस नाही. त्यांचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. माझे भांडण आपल्याच समीक्षेशी आहे.

तरीही त्या 'स्वयंपूर्ण' गावाचा हिशेब एकदा मांडायला हवा. मोटेचा नाडा मांगाने वळायचा. मोटेचे कातडे ढोराने कमवायचे आणि चांभाराने शिवायचे. नाडा दिवसभर विहिरीत उतरत असे आणि वर येत असे. वळणाऱ्याला मात्र त्या विहिरीची पायरी कधी उतरता आली नाही. त्या मोटेने उपसलेल्या पाण्यातले कोणी वरून ओंजळीत ओतील तेवढे ह्या तिघांचे. दोराची किंमत दोर वळणारा ठरवीत नसे. सुगीत खळ्यावर उभे राहायचे आणि कुणब्याच्या मनाला येईल तेवढे घेऊन परतायचे. पोळ्याला नवे दावे, नवा कासरा, वेशीचे तोरण आमच्या माणसांनी आणायचे आणि बैलाच्या अंगावर झूल चढताना लांब उभे राहायचे. अशा गावाला स्वयंपूर्ण म्हणायला माझी हरकत नाही. फक्त कोणाच्या जिवावर, हे त्याच वाक्यात लिहावे.

बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलना'त हे सोलून दाखवले आहे. जातिव्यवस्था श्रमाची विभागणी करते म्हणून तिचे समर्थन करणाऱ्यांना ते सांगतात की ही श्रमिकांची विभागणी आहे. आणि तीही सपाट नव्हे, एकावर एक रचलेली. माणसाचा धंदा त्याच्या आवडीवरून वा कुवतीवरून ठरत नाही, आईबापांच्या दर्जावरून ठरतो. पुढे त्यांनी एक मुद्दा मांडला आहे, ज्याकडे आपले लक्ष कमी जाते. उद्योगधंदे बदलत असतात, आणि बदलत्या काळात माणसाला धंदा बदलण्याची मोकळीक नसेल तर तो उपाशी मरतो. देशातल्या बेकारीचे एक कारण जात हेच आहे. हा निव्वळ नीतीचा मुद्दा नाही, पोटाचा आहे. ज्या दिवशी विहिरीवर इंजिन आले त्या दिवशी नाड्याचे दिवस भरले. त्या वेळी आमच्या आजोबांच्या पिढीला दुसरे काय करता येत होते?

ह्या ग्रंथाला गांधीजींनी त्याच वर्षी 'हरिजन'मधून उत्तर दिले तेव्हा प्रत्येकाने वाडवडिलांचा धंदा करून पोट भरावे हाच वर्णाचा नियम, ही भूमिका त्यांनी कायम ठेवली. पुढच्याच वर्षी, १९३७ साली, वर्ध्याला नई तालीमची योजना पुढे आली. न्याय करायचा तर हेही सांगितले पाहिजे की त्या योजनेत हस्तव्यवसाय सर्व मुलांना शिकवायचा होता. ब्राह्मणाच्या मुलानेही टकळी हातात घ्यायची होती. ही मोठी गोष्ट होती. परंतु ज्या समाजात एकाच्या हातातली टकळी व्रत ठरते आणि दुसऱ्याच्या हातातली रापी, म्हणजे चांभाराचे हत्यार, जन्मखूण ठरते, तिथे सर्वांना सारखे हत्यार दिल्याने सर्व सारखे होत नाहीत. मद्रास प्रांतात १९५३ साली राजगोपालाचारींनी प्राथमिक शाळेचा दिवस तीन तासांवर आणला आणि उरलेल्या वेळात मुलांनी घरी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना काढली. लोकांनी तिचे नाव ठेवले 'कुलक्कल्वि', म्हणजे कुळाचे शिक्षण. नाव ठेवणाऱ्यांना नेमके कळले होते. मोठे आंदोलन झाले आणि १९५४ साली कामराज मुख्यमंत्री झाल्यावर ती योजना गुंडाळली गेली.

म्हणून कोणी कौशल्याच्या हस्तांतराची गोष्ट काढली की आपले कान टवकारतात, आणि ते टवकारलेच पाहिजेत. परंतु जातिविरोधी परंपरा हातच्या कामाच्या विरोधात कधीच नव्हती, हे आपण विसरतो. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन ठेवले त्यात प्राथमिक शाळेत मोडी, बाळबोध, हिशेब, इतिहास, भूगोल, व्याकरण ह्यांच्या जोडीला शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे असावेत अशी मागणी आहे. फुल्यांना हात आणि अक्षर ह्यांची फारकत नको होती. ती फारकत ज्यांनी केली त्यांचे वारस आज आपल्याला हाताचे महत्त्व समजावून सांगत आहेत.

आता साहित्याकडे येतो.

दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले. ग्रंथाच्या नावातच धंदा आहे. महाराच्या वाट्याला येणाऱ्या कामांचे त्यातले वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो. मयताची बातमी परगावी पोचवायची, सरपण फोडायचे, साहेबाच्या घोड्यापुढे धावायचे, रात्रीबेरात्री हाक आली की उठायचे. ह्या कामांत नीट पाहिले तर हस्तकसब जवळजवळ नाही. वतनाने महाराचा चोवीस तासांचा वेळ विकत घेतला होता, तोही कवडीमोलाने. ज्ञान नव्हते असे मी म्हणत नाही. शिवेच्या तंट्यात महाराची साक्ष मोलाची मानली जाई, कारण गावाची जमीन त्याच्या पायाखालची होती. परंतु ह्या वतनाला बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात विधेयक आणून आव्हान दिले आणि अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव-वतने रद्द झाली, तेव्हा फेकून देण्यासारखेच ते होते. टाकल्याने हात रिकामे झाले नाहीत, मोकळे झाले.

माझे म्हणणे असे की आपल्या साहित्यातला नकार बव्हंशी ह्या अनुभवातून घडला आणि मग तो सर्व धंद्यांना सरसकट लावला गेला. मांग, चांभार, ढोर, बुरूड, कैकाडी ह्यांच्या धंद्यात गुलामी तर होतीच, पण त्या गुलामीच्या आत एक विद्याही होती. तिचा वेगळा विचार झाला नाही. हे लिहिताना जातीजातींत भांडण लावण्याचा हेतू नाही. तसा अर्थ काढणारे काढतील, त्याला माझा इलाज नाही.

लक्ष्मण माने ह्यांचे 'उपरा' १९८० साली प्रसिद्ध झाले आणि पुढल्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कैकाड्यांचे बिऱ्हाड गाढवांवर लादून गावोगाव फिरते, फोक तोडून टोपल्या विणते, विकते, पोट भरते किंवा भरत नाही. ह्या पुस्तकावर आपण काय लिहिले? भाषेच्या अनोखेपणावर लिहिले. जातपंचायतीच्या जुलमावर लिहिले. भटक्यांचे दुःख प्रथमच मराठीत आले, हेही लिहिले आणि ते खरेच आहे. परंतु पुस्तकभर जे काम चालले आहे, ते विणकाम, आपण मागचा पडदा म्हणून वाचले. बोटे काय करतात, फोक ओला का लागतो, टोपलीचे बूड कसे धरतात, हे विचारणारा एकही समीक्षक मला भेटला नाही. मीही विचारले नाही. वर्गात 'उपरा' शिकवताना मी मुलांना वेदना, विद्रोह, वेगळेपण हे तीन शब्द फळ्यावर लिहून देत आलो. परीक्षेला तेवढे पुरते.

उर्मिला पवारांचे 'आयदान' २००३ सालचे. तिथे मात्र लेखिकेने आपल्याला चुकण्याची सोय ठेवलेली नाही. आयदान म्हणजे बांबूची विणलेली भांडी: सुपे, टोपल्या, रोवळ्या. इतरत्र हा बुरुडांचा धंदा. कोकणात महारांकडे होता. रत्नागिरीजवळच्या त्या घरात वडील शिकलेले, शिक्षक. मुलांनी शिकावे हा त्यांचा हट्ट. ते अकाली गेले आणि आई आयदाने विणत राहिली. त्या विणण्याच्या पैशांत मुलांचे शिक्षण झाले. आईचे विणणे आणि आपले लिहिणे ह्यांची वीण एकच आहे, असे लेखिका सांगते. ह्यावर आपली समीक्षा खूश झाली, कारण तिला प्रतिमा मिळाली. मग जो तो वीण, विणकाम, वस्त्र असे शब्द वापरू लागला. मला त्या पुस्तकातली खरी गोष्ट प्रतिमेच्या अलीकडे दिसते. आईने आपले कसब मुलीला हाताने न देता त्याचे पैसे करून दिले. फीच्या रूपात, वहीच्या रूपात. हे कसबाचे हस्तांतरच आहे, पण त्यात कसब संपते. आई विणत राहिली म्हणून मुलीला विणावे लागले नाही. आपल्या प्रत्येक शिकलेल्या घरात हा व्यवहार झालेला आहे आणि त्याची नोंद कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकात नाही.

बेबी कांबळे ह्यांचे 'जिणं आमुचं' १९८२ साली 'स्त्री' मासिकात क्रमशः आले आणि १९८६ साली पुस्तकरूपाने. त्यात उपासमारीच्या दिवसांत निवडुंगाची बोंडे खाल्ल्याचे वर्णन आहे. ती खाल्ल्याने पोटाचे काय हाल होतात तेही आहे. हल्ली शहरांत रानभाज्यांचे महोत्सव भरतात. प्लास्टिकच्या डिशमध्ये टाकळा-कुर्डू वाढतात, कोणी ताई त्यातली जीवनसत्त्वे सांगतात. अशा ठिकाणी गेलो की मला हे पुस्तक आठवते. काय खाल्ले तर मरत नाही, हे आमच्या बायांना भुकेने शिकवले. त्या विद्येला पदवीदान झाले नाही. ती विद्या जपावी असे मला वाटते. ती शिकवणारी भूक परत यावी असे वाटत नाही. ह्या दोन वाक्यांतले अंतर ज्याला धरता येत नाही त्याने वारशाबद्दल बोलू नये.

हे अंतर धरून लिहिलेले एक पुस्तक मला सापडले. शाहू पाटोळे ह्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म', २०१५ सालचे. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजत होते, कसे शिजत होते, मांसाच्या चान्या उन्हात कशा वाळवायच्या, रक्ती कशी करायची, हे त्यात कृतीसह लिहिले आहे. ज्या अन्नामुळे आपल्याला हिणवले गेले त्याच्या कृती लेखकाने माफी न मागता दिल्या आहेत. आणि गौरवही केलेला नाही. तेल-तूप का नव्हते, मसाला का नव्हता, हे कृतीतच कळते. नावातला 'अपूर्ण' हा शब्द तिथे खरा उतरतो. काहींनी ह्या पुस्तकाकडे पाककृतींचे पुस्तक म्हणून पाहिले. काहींना लाज वाटली. बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, मग त्याच्या आठवणी कशाला, असे मला एका कार्यकर्त्याने विचारले. त्याचा प्रश्न प्रामाणिक होता. मी त्याला म्हणालो, सोडले म्हणूनच लिहिता येते. अजून तेच खात असतो तर लिहायला सवड कोणी दिली असती? तो हसला, पण त्याचे समाधान झाले नाही. माझेही पूर्ण झालेले नाही.

आता दोराचे. 'फकिरा'ने १९५९ साली मांगवाड्याला शौर्य दिले आणि अण्णाभाऊंचे हे ऋण आम्ही कधी फेडू शकणार नाही. पण ती कादंबरी शौर्याची, दोराची नव्हे. दोराचे मला आठवते तेवढे इथे लिहितो.

घायपाताची पाने कापून आणायची, काटे छाटायचे, भारे बांधून ओढ्याच्या डबक्यात दगडाखाली दडपायचे. पंधरा-वीस दिवस ती कुजत राहत. त्या वासावरून गावात भांडणे होत. पाणी नासवले म्हणून शिव्या बसत. वास्तविक त्या पाण्यापासून तयार होणारा दोर सर्वांनाच हवा असे. मग पाने काढून दगडावर बडवायची, धुवायची. पांढराशुभ्र वाख उन्हात पसरायचा. पानाच्या रसाने हाताला खाज सुटते. बापाच्या मनगटापर्यंत कातडी कायमची खरबरीत झाली होती, लहानपणी तो पाठीवरून हात फिरवायचा तेव्हा ओरखडे उठायचे. वाख पिंजून त्याचे पेड काढायचे आणि तीन पेड एकत्र वळायचे. एक माणूस पीळ देत बसतो, दुसरा मागे मागे सरकत जातो. माझी आई आयुष्यभर मागे मागे सरकत गेली. हे वाक्य मी एकदा कवितेत लिहिले होते, संपादकांनी छापले नाही. इथे खपून जाईल.

इतके मला माहीत आहे, कारण मी पाहत होतो. करता मला काहीच येत नाही. बापाने हात लावू दिला नाही. मी सात-आठ वर्षांचा असेन. पेडाचे एक टोक धरले तर त्याने हातावर फटका मारला. "ठिव खाली. ह्यो पीळ माज्यापतोर." आई म्हणाली, "धरू द्या की, पोरगं हाय." तो म्हणाला, "आज धरंल, उद्या गाव धराय लावंल." आमच्याकडे नुकताच नायलॉनचा दोर आला होता. पुढे ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, दावणी मोकळ्या झाल्या. बाप आणि आई सहा-सहा महिने ऊसतोडीला जाऊ लागले. मी वसतिगृहात राहिलो. त्याला कसब पुढे द्यायचे नव्हते, आणि ते न देणे हीच त्याची देणगी होती. पेडाला ज्या अंगाने पीळ दिला त्याच्या उलट अंगाने दोर वळला तरच तो सुटत नाही, दोन्ही पीळ एकमेकांना अडवून धरतात, हे मला पस्तिसाव्या वर्षी एका पुस्तकातून कळले. ज्या घरात हे तत्त्व तीन पिढ्या रोज वापरात होते त्या घरातला मी.

ह्याची जागा कशाने घेतली, हेही सांगितले पाहिजे, नाहीतर चित्र एकांगी होईल. आमच्या वस्तीत स्वावलंबनाचे नवे कसब म्हणजे अर्ज लिहिणे. जातीचा दाखला, पडताळणी, शिष्यवृत्ती, घरकुल, रेशन कार्डावरचे चुकलेले नाव. बी.ए.ला असताना मी सुट्टीत घरी गेलो की ओट्यावर रांग लागायची. कोणत्या खिडकीवर आधी जायचे, कोणत्या कागदाच्या दोन प्रती लागतात, कोणता साहेब जेवणाच्या सुट्टीनंतर भेटतो, ही विद्या मी स्वतः शिकलो आणि वस्तीतल्या पाच-सहा पोरांना शिकवली. त्यातली एक मुलगी आज तालुक्याला स्वतःचे सेवा केंद्र चालवते. आपल्या आत्मकथनांत शाळेचे वर्णन खूप आहे, अर्जाचे कमी. खरे तर पहिल्या पिढीच्या पदवीधराने आपल्या माणसांना दिलेले सर्वांत उपयोगी हस्तकौशल्य तेच असावे.

ह्या पार्श्वभूमीवर आजची कौशल्याची भाषा ऐकावी. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने पंतप्रधान विश्वकर्मा योजना सुरू केली. अठरा धंदे: सुतार, लोहार, कुंभार, न्हावी, परीट, चांभार वगैरे, टोपल्या, चटया आणि केरसुण्या करणारेही त्यात आहेत. प्रशिक्षणाच्या काळात रोज पाचशे रुपये, हत्यारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज. ज्या कारागिराच्या हातात आज धंदा आहे त्याला पैसा मिळावा, ह्याला कोण विरोध करील? माझ्या मावसभावाने मागितला तर मीच त्याचा अर्ज भरून देईन. परंतु योजनेच्या कागदांत कुटुंबाचा परंपरागत धंदा आणि गुरु-शिष्य परंपरा हे शब्द येतात, आणि वयाची अट अठरा वर्षांची आहे. अठराव्या वर्षी मुलगा महाविद्यालयात हवा की बापाच्या हत्यारांपाशी? तामिळनाडू सरकारने हाच आक्षेप घेतला. कुटुंबाची अट काढा, वय पस्तीस करा, असे सुचवले आणि ते मान्य न झाल्याने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या स्वरूपातली योजना राबवायला नकार दिला. १९५३ ची आठवण तिथे जिवंत आहे. आपल्याकडे ह्यावर किती लेख आले?

२०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. त्या काळात मुलांनी सुतार, माळी, कुंभार ह्यांच्यापाशी काम शिकावे. कल्पना वाईट नाही. सर्व मुले सर्वांपाशी बसणार असतील तर चांगलीच आहे. प्रश्न असा की त्या दहा दिवसांनंतर कोणाच्या हातात दप्तर परत येते आणि कोणाच्या येत नाही.

मी जिथे शिकवतो तिथेही हे वारे पोचले. स्थानिक कारागिरांचा एक दिवस ठेवायचे ठरले. समितीतले एक सहकारी, माणूस सज्जन, मला म्हणाले, "सर, तुमच्या वडिलांनाच बोलावू या ना. मुलांना दोर वळून दाखवतील. शाल-श्रीफळ देऊन सत्कार करू." मी घरी विचारले. बाप ऐंशीच्या घरात आहे, हात थरथरतात, पण डोके शाबूत. त्याने विचारले, "हजेरी किती देनार?"

मी म्हणालो, "दादा, सत्कार करणार आहेत."

"नारळ घरी हाय. तुमी तासाला जाता तवा तुमाला नारळ देत्यात का?"

मी समितीपुढे मांडले की पाहुण्या व्याख्यात्याला जे मानधन देतो तेच कारागिराला द्यावे. तशी तरतूद नाही, असे उत्तर आले. पात्रतेचे निकष आहेत, पदव्युत्तर पदवी लागते. हे मला नियमाचे पुस्तक उघडून दाखवण्यात आले. बाप गेला नाही. त्या दिवशी दुसऱ्या कोणाचा सत्कार झाला आणि मुलांनी फोटो काढले.

समीक्षेचा आणि ह्या गोष्टीचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध असा की ज्ञान म्हणजे काय हे ठरवणारे ते नियमाचे पुस्तक आपणही मनात बाळगले आहे. दलित आत्मकथनात आपण दुःख शोधतो, कारण दुःखाला साहित्यात तरतूद आहे. त्याच पानावर बाप चामडे कसे तासतो, आई सुपाला काठ कसा बांधते, हे आले की आपण 'तपशील' म्हणून पुढे सरकतो. सवर्ण समीक्षकांनी ही आत्मकथने समाजशास्त्राचा कच्चा माल म्हणून वाचली, ह्यावर आपण रागावलो. तो राग योग्य होता. मग आपण ती वेदनेचा दस्तऐवज म्हणून वाचली. कारागिराचे लेखन म्हणून अजून कोणीच वाचलेली नाहीत. ती तशी वाचल्याने कोणाचे पोर पुन्हा बापाच्या धंद्याला जुंपले जाणार नाही. उलट, काय टाकले हे नीट कळल्याशिवाय टाकण्याची किंमतही कळत नाही. धंदा टाकला ह्याचा मला पश्चात्ताप नाही. तो शब्दांतसुद्धा राहिला नाही ह्याचा आहे. बापाच्या पिढीचे किती लोक उरले आहेत? त्यांच्यापाशी वही घेऊन बसायला आपल्यातले किती प्राध्यापक तयार आहेत, की त्यासाठीही कोणा परदेशी विद्यापीठाच्या विद्यार्थ्याची वाट पाहायची?

मी बसू लागलो आहे. दिवाळीच्या सुट्टीत बापाला विचारून दोरांची नावे आणि मापे लिहून घेतली. दाव्याला किती हात, कासऱ्याला किती, मोटेच्या नाड्याला किती पेड. तो कधी सांगतो, कधी चिडतो. "आता ह्याचं काय लोणचं घालतो?" म्हणतो.

त्याच सुट्टीत माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला झोका हवा होता. बाजारातून दोर आणतो म्हणालो तर बापाने अडवले. खताची रिकामी गोणी उसवून त्याने तिचे धागे काढले आणि अंगणात बसला. वाख नाही, घायपात नाही, प्लास्टिकचा धागा. मुलीने विचारले, "आबा, मी धरू?" मी नकळत बापाच्या हाताकडे पाहिले. त्याने टोक तिच्या हातात दिले. तिच्या बोटांवर स्वतःची बोटे ठेवून पीळ दाखवला, मग उलट वळण दाखवले. ती मागे सरकू लागली. हातभर दोर झाला असेल, तेवढ्यात शेजारची मुले खेळायला बोलवायला आली. तिने टोक खाली टाकले आणि पळाली.

बाप काही बोलला नाही. सुटलेले टोक त्याने पायाच्या अंगठ्यात धरले आणि मला म्हणाला, "तू बस इकडं." मी बसलो. मला जमले नाही. पीळ दोनदा उलटा पडला. झोक्याला पुरेल एवढा दोर काही त्या दिवशी झाला नाही. जेवढा झाला तेवढा तिथेच खुंटीला टांगलेला आहे.